शेंदूर लावलेला पंप

रविवारी सकाळी मानपाड्याच्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकही गाडी नव्हती. होती ती माणसं. सतरंज्यांवर बायका, त्यांच्यामागे खुर्च्यांवर ज्येष्ठ नागरिक, कुंपणाच्या भिंतीवर पोरं, आणि ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही ते जिन्याच्या पायऱ्यांवर. सगळ्यांची तोंडं जनरेटरच्या खोलीकडे. दाराला झेंडूचं तोरण, उंबऱ्यापाशी रांगोळी, आणि आत थरथरत, खोकत उभं असलेलं जुनं डिझेल इंजिन. त्याच्या सायलेन्सरमधून पांढराफेक धूर निघत होता आणि पत्र्याच्या छपराखालून लोळत लोळत सतरंज्यांवर येत होता. डोळे चुरचुरत होते, तरी कुणी हलत नव्हतं.

"बघा हा धूर!" यंत्रनाथ महाराजांनी माइक तोंडाशी धरला. "काळा आहे का? नाही. निळा आहे का? नाही. पांढरा आहे. पांढरा रंग कशाचा?"

"शांतीचा," पुढून कुणीतरी म्हणालं.

"अतृप्तीचा!" महाराज गरजले. "हे इंजिन आधी कुठे होतं? एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या कारखान्यात. तिथल्या कामगारांचे तळतळाट याच्या पोटात आहेत. तुम्ही स्वस्तात मिळालं म्हणून उचलून आणलंत. शांत केलंत का? चार सिलिंडर म्हणजे चार पुरुषार्थ. धर्म ठीक आहे. अर्थ ठीक आहे. कामाचं तर विचारूच नका..."

मागे हशा पिकला.

"...पण चौथा! मोक्षाचा सिलिंडर तुंबलाय! आणि डिझेल म्हणजे काय हो? पृथ्वीच्या पोटातलं तूप! तूप अग्नीला द्यायचं तर मंत्राशिवाय कसं द्याल?"

आरत्या सुरू झाल्या. झांजा, टाळ्या, घंटा. एकामागून एक आरती होत गेली. महाराज मधूनमधून इंजिनाच्या अंगावर तळवा ठेवत, डोळे मिटत, मान हलवत आणि पुढच्या आरतीची खूण करत. हळूहळू धूर विरळ झाला. खोकल्यासारखा आवाज जाऊन एकसारखी घरघर सुरू झाली. महाराजांनी पुन्हा एकदा तळवा ठेवला, मग झटक्यात शंख उचलून फुंकला. सायलेन्सरच्या तोंडाशी आता नुसती हवा थरथरत होती.

पार्किंगमध्ये जो काय जयजयकार झाला! सोसायटीचे सेक्रेटरी सलिल देवस्थळी, बँकेत अधिकारी असलेला शिकलेला माणूस, चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

खांबाला टेकून हे सगळं बघणाऱ्या हेमांगीच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण ते धुराने. हेमांगी कल्याणच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, अजून कंत्राटावरच. महाराजांची गंमत बघायला ती उतरली नव्हती. चौथ्या मजल्यावर तिचे वडील, विश्रामकाका, नाकाला नळी लावून बसले होते. फुप्फुसं निकामी होत आलेली. दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन चालू ठेवावं लागायचं. वीज गेली की घरातला इन्व्हर्टर तासाभरात मान टाकायचा. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता, तोही थोडाच वेळ पुरायचा. मग उरायचा हा जनरेटर. त्यावरून एक खास लाईन काकांच्या घरात ओढून द्यायचं सोसायटीनेच ठरवलं होतं, आणि तेही काकांनी न मागता. माणसं वाईट नव्हती. म्हणूनच हेमांगीला त्यांच्यावर नीट रागावताही येत नव्हतं.

"आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं," महाराज म्हणाले. त्यांनी शेंदूर तेलात कालवला आणि इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या लोखंडी पंपावर बोटांनी थापायला सुरुवात केली. "हा पंप म्हणजे हृदय. डिझेल इथून सुटतं. देवाचा वास आता इथे." बोटबोट जाड लेप. बोल्ट बुजले, सांधे बुजले, वर चांदीचे दोन डोळे बसले. "याला पाना लावलात, तर ज्याच्या श्वासासाठी हे यंत्र चालतं त्याच्या श्वासाला धक्का लागेल. आणि आरतीशिवाय इंजिनावर लोड, म्हणजे इमारतीच्या विजेचा भार, टाकायचा नाही. कबूल?"

"कबूल!" पार्किंगने सांगितलं.

त्यात हेमांगीची आई सुहासिनी सगळ्यात पुढे होती.

*

बुधवारी सकाळी रस्ता खणणाऱ्या यंत्राने केबल तोडली आणि सगळ्या भागाची वीज गेली. सुहासिनीने इन्व्हर्टर लावला. तासभर झाला, इन्व्हर्टर पिपाण्या वाजवायला लागला, पण खालून जनरेटरचा आवाज येईना. हेमांगी जिने उतरून धावली.

जनरेटर चालवायचं काम वॉचमन गुणाजीकडे होतं. तो किल्ली हातात घेऊन नुसता उभा होता. शेजारी सलिलकाका फोन कानाला लावून फेऱ्या मारत होते.

"काका, काय झालं? चालू करा ना!"

"अगं, महाराजांचा फोन लागत नाहीये. विचारल्याशिवाय कसं करणार?"

"बाबांचा इन्व्हर्टर संपतोय!"

"म्हणूनच तर! त्यांच्याच जिवाचा प्रश्न आहे. नियम मोडून काही झालं तर?"

"गुणाजी, चालू कर."

गुणाजीने सलिलकाकांकडे बघितलं, मग हेमांगीच्या तोंडाकडे, आणि किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, कण्हत राहिलं, शेवटी कसंबसं पेटलं. पांढरा धूर भसाभसा बाहेर आला. हेमांगीने स्वतःच चेंजओव्हरचा खटका ओढून लोड टाकला. इंजिनाने एक आवंढा गिळल्यासारखा आवाज केला, त्याची घरघर खोल गेली आणि ते बंद पडलं.

"बघितलंस?" सलिलकाका ओरडले. ओरडताना त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "सांगत होतो ना! आरतीशिवाय लोड नाही म्हणून!"

तोवर खाली बरेच जण जमले होते. पहिल्या मजल्यावरच्या रमाबाईंनी मोबाइलवर रविवारच्या आरत्यांचं रेकॉर्डिंग लावलं. इंजिन पुन्हा सुरू केलं. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी स्टीलच्या ताटलीवर चमचा. हेमांगी जिने चढून वर गेली. आईने छोटा सिलिंडर लावला होता, त्याचा काटा उतरत होता. बाबांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडाही उतरत होता. त्यांची नखं निळसर दिसायला लागली होती. खालून आरती ऐकू येत होती, संपतच नव्हती. आई देवघराकडे तोंड करून त्याच तालात ओठ हलवत होती.

मग शंख वाजला, म्हणजे रेकॉर्डिंगमधला. लोड पडला. दिवे लागले, ऑक्सिजनचं मशीन घुमायला लागलं.

"आता तरी पटलं?" आई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "तू विनाआरती लोड टाकलास, बंद पडलं. आरती केली, चाललं. ह्याहून काय पुरावा पाहिजे तुला?"

पुरावा, खरं सांगायचं तर, भक्कम दिसत होता.

*

दुसऱ्या दिवशी विश्रामकाका जरा बोलण्याइतके सावरले. निवृत्त होईपर्यंत ते कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. वाक्य तोडून तोडून, मध्ये श्वास घेत बोलायचे.

"काल... नेमकं काय काय... झालं? क्रमाने सांग."

हेमांगीने सांगितलं.

"म्हणजे दोन्ही वेळांत... फरक किती गोष्टींचा?"

"दोन," हेमांगी सावकाश म्हणाली. "पहिल्या वेळी आरती नव्हती. आणि मी लगेच लोड टाकला. दुसऱ्या वेळी आरती होती, आणि आरती संपेपर्यंत इंजिन रिकामं चालत होतं. तापत होतं."

"मग... एकेक बदलून बघ." काका हसले. "महाराज स्वतःची गाडी... कुठे नेतात गं? आरतीला की... सर्व्हिस सेंटरला?"

"अहो, नका बोलू असं," आई आतून ओरडली.

हेमांगीने वाचायला घेतलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना हवा दाबली जाते आणि दाबली गेली म्हणून प्रचंड तापते. पिस्टन अगदी वर पोचायच्या जरासा आधी पंप डिझेलचा फवारा सोडतो, आणि त्या तापल्या हवेत ते आपोआप पेटतं. सगळी करामत त्या 'जरासा आधी'त असते. फवारा उशिरा सुटला तर पिस्टन खाली निघालेला असतो, हवा निवायला लागलेली असते. थंड इंजिनात असं उशिरा आलेलं डिझेल नीट पेटत नाही; त्याची वाफ अर्धीकच्ची बाहेर पडते. तोच पांढरा धूर. इंजिन तापलं की सिलिंडरच्या भिंतीच गरम होतात, मग उशिरा आलेलं डिझेलही पेटून जातं आणि धूर थांबतो. आरती झाली तरी, नाही झाली तरी.

पण पांढरा धूर इतर कारणांनीही येतो, म्हणून तिने घाई केली नाही. टाकीतलं डिझेल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं. तळाशी पाणी बसलं नाही. गुणाजीकडून फिल्टर बदलून घेतला, नळ्यांमधली हवा काढायला लावली. धूर तसाच. शेवटी दोनच शक्यता राहिल्या: इंजिन आतून झिजलंय, नाहीतर पंपाचं टायमिंग, म्हणजे फवारा सोडायची वेळ, चुकलंय. पहिली तपासायला इंजिन खोलावं लागतं. दुसरी नुसती बघता येते. पंपाच्या कडेवर एक कोरलेली रेष असते, तो ज्यावर बसतो त्या झाकणावर दुसरी. दोन्ही समोरासमोर असल्या की टायमिंग कारखान्याने ठरवलं तसं.

नुसतं बघायचं होतं. आणि त्यावर बोटभर शेंदूर होता.

खोपटला डेपोच्या मागे गॅरेज असलेला रतन जुन्या इंजिनांची कामं करायचा. हेमांगीने त्याला बोलावलं. तो पान्यांची पिशवी घेऊन आला, दारात थबकला, चपला काढल्या, पंपाला हात जोडले आणि पिशवी पुन्हा खांद्याला लावली.

"अहो, काय झालं?"

"टायमिंग असेल मॅडम, तुम्ही म्हणता तर असेल. पण मी हात नाही लावणार. माझ्या घरी लहान पोरगी आहे."

"तुमच्या पोरीचा काय संबंध?"

"संबंध नाहीच ना. तो जोडायला कशाला जाऊ?"

*

महाराजांचा पुढचा फेरा आला. हेमांगी आधीच सलिलकाकांकडे गेलेली. "काका, महाराजांच्या शक्तीचा नीट व्हिडिओ करूया. आरती आधी संपूर्ण होऊ दे. मग इंजिन चालू करायचं, म्हणजे धूर येणारच नाही. किती भारी दिसेल!"

सलिलकाकांचा चेहरा उजळला. "अरे वा! हे सुचलंच नाही कुणाला."

महाराजांना ते पार्किंगमध्ये, माइकवर, सगळ्यांसमोर कळलं. त्यांची मान क्षणभर आखडली. "तसं शास्त्रात नाही," ते म्हणाले.

"महाराज, आपल्याला काय अशक्य आहे?" सलिलकाका मनापासून म्हणाले, आणि सतरंज्यांनी टाळ्या वाजवल्या.

आरत्या झाल्या. एरवीपेक्षा चढ्या आवाजात झाल्या. इंजिन गार, गप्प. शंख झाला. गुणाजीने किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, पेटलं, आणि पांढऱ्या धुराचा लोट थेट महाराजांच्या अंगावर आला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

महाराज खोकले, पण डगमगले नाहीत. "कसं होणार? इंजिन झोपलं होतं! आरती ऐकायला ते जागं नको?"

"बरोबर आहे," कुणीतरी म्हणालं.

"बरोबर," हेमांगीही म्हणाली. ती पुढे आली. "आता इंजिन जागं आहे. आता आरती करायची नाही. कुणीही काहीही म्हणायचं नाही. नुसतं बघायचं."

सगळी सोसायटी एका खोकणाऱ्या इंजिनासमोर गप्प उभी राहिली. इतकी शांतता त्या पार्किंगने कधी बघितली नसेल.

"महाराज," हेमांगी म्हणाली, "ओठ हलतायत तुमचे."

भिंतीवरची पोरं फिदीफिदी हसली. महाराजांनी ओठ मिटले.

धूर विरळ व्हायला लागला. कुणी टाळी वाजवली नव्हती, घंटा हलली नव्हती. खोकणं थांबलं, घरघर एकसारखी झाली, सायलेन्सरचं तोंड स्वच्छ झालं.

"आता हात लावा इंजिनाला," हेमांगी महाराजांना म्हणाली. "दर वेळी लावता तसा. लागतंय गरम? मग फुंका शंख. तुम्ही तळव्याने आशीर्वाद देत नाही, इंजिन तापलंय का ते बघता. गार लागलं की पुढची आरती, गरम लागलं की शंख."

आता मात्र कुजबुज झाली. रमाबाई शेजारणीला म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की. मी म्हणायचे, हे सारखे चाचपतात काय?"

हेमांगीने इंजिन बंद करायला लावलं आणि पत्र्याची पट्टी हातात घेतली. सतरंजीवरून आई उठली.

"हेमा, नको. पाया पडते तुझ्या. वर तुझे बाबा आहेत."

हेमांगीचा हात थांबला. तिला ठाऊक होतं की शेंदूर खरवडल्याने कुणाच्या श्वासाला काही होत नाही. पण आज, उद्या, परवा, बाबांना जे काही होईल ते आई या क्षणाशी जोडणार होती, आणि ते जन्मभर पुसलं जाणार नव्हतं.

"बाबांसाठीच, आई," ती म्हणाली आणि पट्टी टेकवली.

शेंदराची खपली निघाली. खाली दोन रेषा होत्या. समोरासमोर नव्हत्या. पंपावरची रेष झाकणावरच्या रेषेपासून चांगली सरकलेली.

"पंप तीन बोल्टांवर बसतो," तिने मागे वळून मोठ्याने सांगितलं. "त्यांची भोकं लांबट असतात, पंप किंचित फिरवता यावा म्हणून. हे बघा, दोन नट सैल आहेत. तिसऱ्या बोल्टाचे आटेच गेलेत, तो नुसता नावाला आहे. आतला दांडा फिरतो तसा पंपही त्याच दिशेने ओढला जातो. सैल पंप थरथरत थरथरत सरकत गेला, आणि तो जितका सरकला तितकं डिझेल उशिरा सुटायला लागलं. तळतळाट नाही, मोक्ष नाही. सैल नट. आणि ते कुणाला दिसू नयेत अशी सोय आपणच शेंदराने केली."

तिने सोबत आणलेल्या पान्याने नळ्यांची तोंडं ढिली केली, पंप दोन्ही हातांनी फिरवून रेषा जुळवल्या, नट आवळले, नळ्या घट्ट केल्या, हवा काढली. मग पंप आणि झाकण दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढली. "ही रेघ तुटलेली दिसली की समजायचं, पंप सरकला. तिसरा बोल्ट बदलायलाच हवा, नाहीतर हे नट पुन्हा सैल होणार. तोवर रोज एक नजर टाकायची, बस. आता इंजिन पूर्ण गार होऊ दे. संध्याकाळी या."

संध्याकाळी सकाळपेक्षा जास्त लोक आले. सकाळी मध्येच निघून गेलेले महाराजही आले, शिष्यांसकट. गार इंजिनाला गुणाजीने किल्ली मारली आणि ते पहिल्याच झटक्यात पेटलं. धूर नाही. हेमांगीने लगेच लोड टाकला. इंजिनाने नुसता सूर बदलला आणि भार उचलला. पार्किंगचे दिवे लागले, लिफ्ट खाली येऊन दार उघडून उभी राहिली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेमांगीला पहिल्यांदाच वाटलं, झालं. पटलं यांना.

तेवढ्यात महाराजांनी माइक उचलला. त्यांच्या चेहऱ्यावर पराभव नव्हता. प्रसन्नता होती.

"मी कधी म्हणालो, मी करतो म्हणून?" ते हळू, ओल्या आवाजात म्हणाले. "मी निमित्त शोधत होतो. या देवाला कुमारिकेचा हात हवा होता. मी तिला डिवचलं, तिच्यात राग पेरला, तिच्या मुखातून प्रश्न वदवले. नाहीतर सांगा, कॉलेजात शिकवणारी मुलगी, तिला पाना धरायचं ज्ञान दिलं कुणी?"

"पुस्तकाने!" हेमांगी ओरडली. "वाचलं मी!"

"पुस्तक वाचायची बुद्धी कुणी दिली?"

रमाबाई उठल्या. कुंकवाच्या करंड्यातलं बोट हेमांगीच्या कपाळाला लागलं, आणि काय होतंय हे तिला कळायच्या आत रमाबाई वाकल्या होत्या. त्यांच्यामागे रांग लागली. सलिलकाका, ज्यांनी तिला लहानपणी सायकल शिकवली, ते तिच्या पायांकडे हात नेत होते.

"काका, काय करताय! उठा! तुम्ही सकाळी स्वतः बघितलंत ना?"

"बघितलं ना! म्हणून तर."

आई हुंदके देत होती. आनंदाने. "माझ्या पोटी," ती सगळ्यांना सांगत होती, "माझ्या पोटी."

*

कमिटीने एकमताने ठराव केला. पंपाला पुन्हा शेंदूर लागला, या वेळी दोन बोटं जाड. पांढरी रेघ त्याखाली गेली. खोलीला कुलूप लागलं. चालू-बंदची कळ आणि चेंजओव्हरचा खटका तेवढा बाहेरच्या भिंतीवर आणला आणि कुलपाची किल्ली महाराजांच्या मठात पोचली. तिसरा बोल्ट बदलला गेला नाही. हेमांगीने अर्ज केला, भांडली, सलिलकाकांच्या दारात बसली.

"अगं, तूच दुरुस्त केलंस ना? मग तुझ्याच हातावर तुझा विश्वास नाही?" ते हसत म्हणाले.

पलीकडच्या सोसायटीतून माणसं यायला लागली. एका छोट्या इस्पितळाची दोन माणसं आली. त्यांचा जनरेटरही धूर सोडायचा, आणि त्यांनीही आता पंपाला शेंदूर लावला होता. "ताई, या ना एकदा. नुसता हात लावा."

"हात लावून काही होत नाही. मेकॅनिक बोलवा. शेंदूर खरवडा, रेषा बघा."

"हो, हो. पण आधी तुमचा हात लागला की..."

ती गेली. त्यांनी तिला हार घातला आणि पंपाला पाना लावू दिला नाही.

मग एका दुपारी पुन्हा वीज गेली. जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला, बाबांचं मशीन चालू झालं. हेमांगी गॅलरीत गेली आणि खाली बघितलं. सायलेन्सरमधून धूर येत होता. फार नाही. धूपकाडीइतका, पण पांढरा.

ती खाली धावली. कुलूपबंद दारासमोर लोक जमले होते, लोखंडी जाळीतून आत बघत, हात जोडून. ती आल्यावर बाजूला झाले. कुणीतरी पोराला तिच्यासमोर वाकवलं.

"वाकू नका," ती म्हणाली. "ऐका माझं, एकदाच ऐका. हा धूर बघा. नट पुन्हा सैल होतायत. आज इंजिन चाललं, आणखी थोड्या दिवसांनी लोड घेणार नाही. त्या दिवशी माझे बाबा गुदमरतील. माझ्या हातात काही शक्ती नाही. पंप जागेवर आला म्हणून इंजिन चाललं, आणि कुणीही आणला असता तरी चाललं असतं. महाराजांवर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही ठेवू नका. जे दिसतं ते बघा. काही घडलं की स्वतःला विचारा, हे केलं नसतं तरी घडलं असतं का? तुम्ही विचारलंत तेव्हा उत्तर मिळालं होतं, तुमच्याच डोळ्यांसमोर, या पार्किंगमध्ये. देवाला नमस्कार करा, मी अडवत नाही. पण ज्या यंत्रावर कुणाचा श्वास चालतो ते झाकू नका, कुलपात ठेवू नका. उघडा, तपासा, चुकलं तर दुरुस्त करा. एवढंच. याला भक्ती लागत नाही, शक्ती लागत नाही. डोळे लागतात आणि एक पाना."

सगळे अगदी मन लावून ऐकत होते. रमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"काय वाणी आहे," त्या म्हणाल्या.

"मी रेकॉर्ड केलंय," सलिलकाका मोबाइल खिशात ठेवत म्हणाले. "इथून पुढे दर आरतीच्या आधी लावत जाऊ. फार सुंदर बोललीस, हेमा."

"काका, कुलूप."

"त्याचं महाराजांना विचारून सांगतो."

हेमांगी जिने चढून वर गेली. विश्रामकाका नळी सारखी करत टेकून बसले होते. मशीन घुमत होतं, मध्येच जरा आवाज दबत होता, परत येत होता.

"बोललीस?" त्यांनी विचारलं.

"बोलले."

"ऐकलं... त्यांनी?"

"सगळ्यांनी ऐकलं."

"मग?"

हेमांगीने छोट्या सिलिंडरचा काटा बघितला, नळी त्याच्या तोंडाशी आणून ठेवली आणि त्यांच्याजवळ बसली.

"नमस्कार केला," ती म्हणाली.